शांत दिवसांतच बैठका घ्या

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या सर्व नगरसेविका व नगरसेवकांस,



१५ जानेवारी २०२६ रोजी आम्ही मतदान केले आणि तुमचे नव्वद जणांचे सभागृह अस्तित्वात आले. त्याआधीची निवडणूक मे २०१७ मध्ये झाली होती. जून २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकून पडले होते. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घेण्यास बजावले. आमचे मत इतकी वर्षे थांबले, तरी वाया गेले नाही. म्हणून हे पत्र आशेने लिहीत आहे.

ही आशा टिकवणे सोपे नाही. रोज रात्री टीव्ही लावला की देशाची दोन गटांत वाटणी झाल्यासारखे वाटते. मोबाइलवर येणारा प्रत्येक दुसरा संदेश कोणाबद्दल तरी भीती पेरतो. ‘आपल्या मताने काय होणार?’ असे आमच्या कामतघर भागातल्या नाक्यावर तरुण मुले विचारतात. त्यांना दिल्लीतले उदाहरण देऊन उपयोग नाही. उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे, पण ते त्यांना कोणी सांगितलेले नाही.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली. जळगाव आणि महाडलाही आग लागली. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवले. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि ती दंगल ठाण्या-मुंबईपर्यंत गेली. त्यानंतर आपल्या शहरावर बसलेला ‘दंगलींचे शहर’ हा शिक्का तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणापासून ऐकला असेल.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे इथे आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान एकाच कमिटीत, सोबत त्या भागाचे पोलीस. या कमिट्यांत साधी माणसे बसत आणि बोलणेही साध्याच गोष्टींवर होई: शेजाऱ्यांची भांडणे, वस्तीतल्या कुरबुरी, सणाची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची. खोपडे यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी ते काम चालू ठेवले.

मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला. अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीतल्या दंगलींत मिळून नऊशे माणसे गेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. तिथून जवळच असलेल्या भिवंडीत दंगल झाली नाही. अफवा इथेही आल्या असणार. पण ‘पलीकडच्या मोहल्ल्यात काय चालले आहे?’ हे विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस होता. ती ओळख आधीच्या चार वर्षांत, काहीही घडत नसताना झाली होती.

त्याच डिसेंबरमधली आणखी एक गोष्ट तुमच्या खुर्चीशी थेट जोडलेली आहे. मुंबई अजून सावरली नव्हती, तेव्हा २२ आणि २३ डिसेंबर १९९२ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. ७४व्या दुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांना घटनेत स्थान मिळाले, वेळेवर निवडणुका घेणे बंधनकारक झाले, स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. पुढे महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. देशाच्या अतिशय वाईट महिन्यात लोकप्रतिनिधींनी सत्ता गल्लीपर्यंत नेणारा कायदा केला. तुम्ही आज सभागृहात आहात ते त्या कायद्याच्या बळावर.

भिवंडीला मी डोक्यावर घेत नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात नागरिक मेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचे प्राण घेतले. विश्वास एकदा मिळाला म्हणून कायमचा पुरत नाही. तो दर महिन्याला नव्याने कमवावा लागतो आणि ते काम आता तुमचे आहे.

म्हणून तीन मागण्या.

पहिली: प्रभाग समितीची बैठक दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी घ्या. तारीख आणि विषय वस्तीच्या फलकावर लावा, नागरिकांना बसायला जागा ठेवा आणि मागच्या बैठकीत ठरलेल्या कामाचे काय झाले ते आधी सांगा.

दुसरी: क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महापालिका कायद्यात आहे. ती कागदावर ठेवू नका. मतदार समोर बसलेले असताना प्रश्न ऐकणे जड जाते हे मान्य, पण तेच तुमचे काम आहे.

तिसरी: पोलिसांसोबत मोहल्ला कमिट्या नव्याने जिवंत करा आणि त्यांत यंत्रमाग कामगार, गोदामातले हमाल, घरकाम करणाऱ्या बाया आणि तरुण मुली यांना घ्या. शांतता समितीला सणाच्या आदल्या आठवड्यात बोलावून फोटो काढल्याने ओळख होत नाही.

कामतघरपुरते बोलायचे तर इथे आगरी-कोळी आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर आहेत. वऱ्हाळा तलाव स्वच्छ राहिला तर तो सगळ्यांचा राहील, आणि पाणी आले नाही तर नळ कोणाचा धर्म विचारून कोरडा पडत नाही. अशा प्रश्नांसाठी एकत्र बसलेली माणसे मोठ्या संकटात एकमेकांवर चटकन संशय घेत नाहीत. लोकशाहीवरचा माझा भरवसा याच अनुभवावर उभा आहे.

देशातले वादळ थांबवणे तुमच्या हाती नाही, आमच्याही नाही. पण पुढच्या महिन्यातली बैठक तुमच्या हाती आहे. तुम्ही पक्षांच्या रांगा सोडून एका टेबलाभोवती बसा. आम्ही समोर येऊन बसू, प्रश्न विचारू, काम झाले तर उघडपणे सांगू आणि नाही झाले तर तेही सांगू. पहिल्या बैठकीची तारीख कळवा.

आपला,
कामतघर येथील एक मतदार