गोळा कुणाच्या हाती?

आपल्याकडच्या पुष्कळ घरांना डभोई ठाऊक आहे ते चांदोदमुळे. नर्मदाकाठी श्राद्धकर्माला निघालेली मंडळी डभोईच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत बसत. गावातली हिरा भागोळ आवर्जून पाहणारे थोडे, फलाटावर ताटकळणारेच फार! पण हे स्थानक साधेसुधे नव्हे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी सुमारे वीस मैलांची अरुंद रुळांची वाट झाली. भारतातली ही पहिली नॅरोगेज. सुरुवातीला डबे ओढायला बैल जुंपत. रूळ नव्याने घातल्यावर, १८७३ पासून, इंजिने नियमित धावू लागली. पुढे चांदोद, प्रतापनगर, छोटा उदेपूर अशा दिशांना फाटे फुटले आणि डभोई हे छोट्या गाड्यांचे मोठे जंक्शन बनले.

या जंक्शनचा संगणकाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. माझा भाचा संगणक अभियंता आहे. आभासी नेटवर्कचे ‘ड्रायव्हर’ दुरुस्त करणे हे त्याचे काम. मी पडलो मराठी शिकवणारा. दिवाळीत तो घरी आला तेव्हा म्हणाला, “मामा, दोन महिने एकाच दोषाच्या मागे आहे. हजार वेळा काम चोख होतं, एखाद्या वेळी मध्येच अडकतं. आणि तुम्ही बघायला गेलात की अडकत नाही!” त्याने समजावले आणि माझ्या डोळ्यांपुढे एकेरी रूळ उभे राहिले.

आधी हे ‘आभासी’ प्रकरण पाहू. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक छोटे संगणक मांडलेले असतात. भिंती सगळ्या प्रोग्रॅमच्या. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे असत तसेच हे. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते नळ आपलाच. प्रत्यक्षात अंगणात नळ एक. बँका, इस्पितळे, तिकीट खिडक्या यांची कितीतरी कामे आज अशा बिऱ्हाडांतून चालतात. बिऱ्हाडाचे निरोप बाहेर पोचवणारा आणि बाहेरचे आत आणणारा जो प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. तो निरोप एका रांगेत ठेवतो, वाड्याच्या मालकाला खूण करतो आणि उत्तराची वाट पाहतो. लिनक्समध्ये रस्टी रसेल यांनी मांडलेली ‘व्हर्टआयओ’ नावाची पद्धत २००८ च्या सुमारास या कामासाठी रूढ झाली.

दोष कुठे शिरतो? काम भरपूर असते तेव्हा ड्रायव्हर दारावरची घंटा बंद ठेवतो आणि स्वतःच रांगेत पुन्हापुन्हा डोकावतो. रांग रिकामी दिसली की घंटा सुरू करून झोपतो. आता कल्पना करा. त्याने डोकावले, रांग रिकामी होती. घंटा सुरू करायला हात पुढे केला, आणि नेमक्या त्या पळात मालकाने निरोप आणून ठेवला. घंटा अजून बंदच, म्हणून वाजली नाही. ड्रायव्हर झोपला आणि निरोप उशाशी पडून राहिला. संगणकवाले याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. दोन कामांची शर्यत लागते आणि कोण आधी पोचले यावर निकाल ठरतो. तपासण्यासाठी मध्ये एखादी नोंद छापायला लावली की त्यात क्षणभर वेळ जातो, शर्यतीचा मेळ बदलतो आणि दोष दडून बसतो. भाच्याच्या दोन महिन्यांचे रहस्य ते हेच. उपाय मात्र आजीबाईच्या शहाणपणाचा आहे: घंटा सुरू केल्यावर झोपण्यापूर्वी रांगेत आणखी एकदा डोकावायचे.

एकेरी रुळांवर ही शर्यत प्राणावर बेतते. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प येथे तेच झाले. समोरच्या ब्रंडाल स्थानकाला तार गेली, ‘मेल सोडा.’ इकडे नॉर्विचहूनही गाडी सुटली. चूक ध्यानात येताच दुसरी तार गेली, ‘मेल थांबवा.’ उत्तर आले, ‘मेल निघाली.’ दोन्ही गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या आणि किमान २५ माणसे गेली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विजेवर चालणारे टॅब्लेट यंत्र आणले. दोन स्थानकांत यंत्रांची जोडी. एका वेळी त्यांतून एकच चकती बाहेर निघणार, आणि ती हाती असलेल्यालाच रूळ मोकळा. आपल्या रेल्वेत एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचा धातूचा गोळा आला. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो चालत्या इंजिनावर देता-घेताना अनेकांनी पाहिला असेल. गोळा हाती नसेल तर गाडी हलायची नाही.

संगणकात या गोळ्याला कुलूप म्हणतात. रांगेला हात लावायचा तर आधी कुलूप घ्यायचे, काम आटोपले की परत ठेवायचे. गंमत अशी की डच संगणकतज्ज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या लेखनात अशा राखणीच्या साधनाला ‘सेमाफोर’ हेच नाव वापरले. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल!

आता दुसरा दोष, वाट पाहण्याचा. ड्रायव्हर ठरवतो, पाच सेकंद थांबू. उत्तर आले नाही की तो नाद सोडतो आणि उत्तरासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकतो. पण मालक मेलेला नसतो, फक्त कामात असतो. सहाव्या सेकंदाला उत्तर येते आणि त्या जुन्या जागेवर लिहिले जाते. तिथे आता भलत्याचाच हिशेब असतो. जुन्या भाडेकरूचा माल नव्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात उतरावा, तसे. पाचाचे तीस सेकंद करणे ही सोपी पळवाट. त्याने दोष कमी वेळा दिसतो, जात नाही. खरा उपाय असा: उत्तर येईपर्यंत जागा राखावी, किंवा मालकाला ‘ते काम रद्द’ असे कळवून रद्द झाल्याची पोच घ्यावी, मगच जागा सोडावी.

गोळ्याचे यंत्र बिघडले तर स्टेशन मास्तर घड्याळ पाहून म्हणत नाही, अर्धा तास झाला, म्हणजे रूळ मोकळा असेल. तो पुढच्या स्थानकाला विचारतो, दोघे गुप्त क्रमांकांची देवघेव करतात आणि लेखी परवाना दिल्यावरच गाडी निघते.

ही नुसती तांत्रिक कटकट नव्हे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्यामागे कारणे अनेक होती. त्यांतले एक म्हणजे ओहायोतल्या नियंत्रण कक्षातली इशारा देणारी यंत्रणा मुकी झाली होती, आणि तेच तिथल्या लोकांना कळले नव्हते. मुळाशी होती रेस कंडिशन. ती सापडायला कित्येक आठवडे लागले.

१७ जानेवारी २०२१ रोजी डभोई-चांदोद रुंद मार्गाचे आणि पुढे केवडियापर्यंतच्या नव्या मार्गाचे उद्घाटन झाले. डभोईला स्थानकाची नवी इमारतही मिळाली. रूळ रुंद झाले म्हणून नियम सैल होत नाही: दोघांनी एका वाटेवर एकाच वेळी येऊ नये.

आपल्या घरातही हा नियम रोज उपयोगी पडतो. दुकानात मोबाइलवरून पैसे भरताना चक्र फिरत राहते आणि ‘वेळ संपली’ असे अक्षर उमटते. आपण लगेच दुसऱ्यांदा भरतो आणि संध्याकाळी दोनदा पैसे गेल्याचे कळते. वेळ संपली याचा अर्थ एवढाच, की उत्तर आपल्यापर्यंत आले नाही. काम झाले की नाही, हे त्यातून कळत नाही. तेव्हा आधी खात्यातली नोंद पाहावी, दुकानदाराला विचारावे, मगच पुन्हा बटण दाबावे. घड्याळ फार तर सांगेल की पुष्कळ वेळ झाला. रूळ मोकळा आहे की नाही, हे पलीकडच्या माणसालाच विचारावे लागते.