अर्धा पिळलेला नळ

रोल्ला म्हणजे वड. शारजातला तो जुना वड १९७८ साली कोसळला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. त्या चौकामागे राहणाऱ्या एका मित्राकडे परवा गेलो, तर घरात बापलेकांचा अबोला!

चिरंजीव बारावीत. गाडीच्या बारा व्होल्टवरून मोबाईलला पाच व्होल्ट देणारा कन्व्हर्टर त्याने स्वतः बनवला. चालतो झकास, पण लावला की एफ.एम.वर नुसती खरखर. "माझ्या सकाळच्या बातम्या बुडतात, काढून टाक ते," हे बाबांचं फर्मान. "मग मला इंजिनिअर हो कशाला सांगता?" हे पोराचं उत्तर. आता निवाडा काकांनी करायचा!

मंडळी, हा कन्व्हर्टर सेकंदाला पाच लाख वेळा स्विच उघडतो-मिटतो, म्हणजे ५०० किलोहर्ट्झ. एफ.एम. तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर. मग खरखर कुठून? स्विच झटक्यात चालू झाला की ठोका बसलेल्या घंटेसारखं सर्किट क्षणभर थरथरतं, आणि ती थरथर शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास जाऊ शकते. घंटा काढता येत नाही, ठोका हलका करता येतो.

त्याची किल्ली बूटस्ट्रॅपमध्ये. वरचा मॉसफेट चालू ठेवायला त्याच्या गेटला सोर्सपेक्षा चार-पाच व्होल्ट जास्त लागतात. पण तो चालू झाला की सोर्सच बारावर जातो. मग सतरा व्होल्ट आणायचे कुठून? म्हणून स्विच बंद असताना ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये पाच व्होल्टची शिदोरी भरून ठेवतात आणि सोर्सबरोबर ती वर चढते. या कपॅसिटरच्या रांगेत छोटा रेझिस्टर घातला की नळ अर्धा पिळल्यासारखं होतं. गेट सावकाश भरतं, ठोका हलका बसतो. बंद होताना मात्र त्याचा फारसा संबंध येत नाही.

पोराने लगेच विचारलं, "मग शंभर ओहमच घालू?"

थांब बाबा! स्विच चालू व्हायला २० नॅनोसेकंद जास्त लागले, तर बारा व्होल्ट, दोन अँपिअर आणि ५०० किलोहर्ट्झला साधारण ०.१२ वॅट जास्त उष्णता होते. एवढ्याशा चिपला ती सात-आठ अंश तापवू शकते. पुण्यात चालून जाईल, पण इथल्या उन्हात उभी गाडी आतून साठ-सत्तर अंशांना जाते, तिथे हे अंश मोजूनच खर्च करावेत. शिवाय नळ फार पिळला तर शिदोरीही नीट भरत नाही. स्टार्टर फिरताना बॅटरी सहा-सात व्होल्टपर्यंत उतरू शकते. तेव्हा स्विच बंद राहण्याचा वेळ आखडतो आणि उपासमार होते.

रेझिस्टर हा पहिला उपाय नव्हेच, हेही सांगितलं. त्याचा इनपुट कपॅसिटर चिपपासून दोन सेंटिमीटर लांब होता! तो आधी अगदी चिकटवला. निम्मी खरखर तिथेच गेली. मग ऑसिलोस्कोप लावून शून्य, ४.७, १० आणि २२ ओहम असे बदलून पाहिले. (प्रोबची लांब अर्थवायर काढून आखूड स्प्रिंग लावा हो, नाहीतर तुमचाच प्रोब थरथर दाखवतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.) ४.७ ला थरथर कमी, १० ला जवळजवळ नाहीशी. २२ ला आणखी काही मिळेना, चिप मात्र जास्त गरम. दहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राचा फोन : बातम्या स्वच्छ. पण त्याने अट घातली आहे की ऑगस्टमध्ये गाडी दुपारभर उन्हात ठेवायची, मग चार्जर लावून चिपचं तापमान मोजायचं, आणि ते त्याच्यासमोर. पोरगा थर्मामीटर शोधतो आहे. बापाशी बोलतोही आहे.