बसल्या जागेचे वैभव

मराठी माणसाच्या सुखाची व्याख्या दोन शब्दांत होते: बसून खाणे. सात पिढ्या बसून खातील एवढे ज्याच्यापाशी आहे तो श्रीमंत. गादी मिळाली तो राजा, खुर्ची मिळाली तो पुढारी, आणि सभेत सर्वांत मोठ्या खुर्चीवर बसवला तो अध्यक्ष. लग्नाचा मध्यस्थ मुलाची शिफारस करताना मुद्दाम आवाज उतरवून सांगतो, "बैठे काम आहे हो, उन्हातान्हात हिंडायचे नाही." तेवढ्याने मुलीच्या बापाचा चेहरा उजळतो. आता चालण्याचे शब्द पाहा: पायपीट, वणवण, तंगडतोड, रखडपट्टी, उंबरे झिजवणे. पाय हलवण्याला आपल्या भाषेने मानाचा एक तरी शब्द दिला आहे काय? दिला आहे, नाही कसा? वारी! आळंदीहून पंढरपुरापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्याच्या आपण पाया पडतो. पण ते वर्षातून एकदा, आणि चालणारा बहुधा दुसरा.

माझे म्हणणे सरळ आहे. सणासुदीला ते कडू लागले तर वाचकांनी वर एक करंजी खावी. आपण ज्याला आळस म्हणून नावे ठेवतो, ती खरे म्हणजे आपली प्रतिष्ठा आहे. न हलणे हे मोठेपणाचे लक्षण आपणच ठरवले, लहानपणापासून पोरांच्या अंगी तेच बाणवले, आणि चाळिशीनंतर त्याची किंमत दवाखान्यात मोजू लागलो. एकेका माणसाला आळशी म्हणून हिणवल्याने हे दुखणे हटायचे नाही. ही प्रतिष्ठाच गादीवरून खाली उतरवली पाहिजे.

मी शाळेत शिकवते, म्हणून शाळेपासूनच आरंभ करते. कोणत्याही वर्गात परक्याच्या नजरेने डोकावून पाहा. दहा वर्षांची साठ मुले बाकांवर खिळलेली, आणि चाळिशी उलटलेली बाई फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या घालते आहे. ज्यांची हाडे अजून वाढायची आहेत ती स्थिर, आणि जिचे गुडघे बोलू लागले आहेत ती चालती! गुणी मूल कोणते? एका जागी बसते ते. चुळबुळ करील तो वात्रट. आणि आपल्या शिक्षा कोणत्या? उभा राहा. बाकावर उभा राहा. वीस उठाबशा काढ. मैदानाला पाच फेऱ्या मार. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली हे चांगलेच झाले, पण शिक्षेमागची समजूत कायद्याने गेली नाही. उठणे ही शिक्षा आणि बसणे हे बक्षीस, हा धडा ज्याने दहा वर्षे गिरवला, तो मोठेपणी जिना सोडून लिफ्टच्या दारात तिष्ठत राहिला तर नवल कसले? पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर त्याला सांगतात, "रोज चाला, थोड्या उठाबशा काढा." म्हणजे तीच जुनी शिक्षा, फक्त आता फी भरून!

शाळेत खेळाचा तास असतो. वेळापत्रकावर तो असतोच असतो. परीक्षा जवळ आली, धडे मागे राहिले, की पहिला बळी त्याचा जातो. गणिताच्या तासाला कुणी खेळ घेतला तर पालकांची तक्रार येईल. खेळाच्या तासाला गणित घेतले तर आभाराची चिठ्ठी येते! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे तरी चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. दररोज! आणि आपण आठवड्याच्या दोन-तीन तासिकांतूनही कातरून घेतो. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणीहून घर, घरी मोबाइल. मूल बसते तरी किती तास, हे कोणत्या बापाने कधी मोजले आहे? गुण मात्र अर्ध्या-अर्ध्या टक्क्यापर्यंत मोजतो.

कुणी म्हणेल, बसून का कधी माणूस मरतो? बाई कादंबऱ्या लिहितात, अतिशयोक्ती करायचीच. बरे तर, कादंबरी बाजूला ठेवते आणि वाचकांना लंडनच्या दुमजली बसगाडीत घेऊन जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हृदयविकाराने माणसे पटापट जाऊ लागली होती. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराने लंडनच्या वाहतूक खात्यातील सुमारे एकतीस हजार माणसांची माहिती तपासली. ड्रायव्हर आणि कंडक्टर, दोघे एकाच गाडीवर, एकाच धुरात, जवळपास एकाच थरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला, आणि कंडक्टर तिकिटांसाठी दिवसातून पाच-सहाशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, उशिरा होत होता, आणि झाला तरी ते त्यातून अधिक संख्येने वाचत होते. शंकेखोरांनी विचारले, मुळात जाडी माणसेच ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिसने गणवेशाच्या विजारींची मापे काढली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी निघाली, अगदी नोकरीला लागतानापासून. म्हणजे शंका अगदीच फोल नव्हती. पण टपालखात्यातही तोच प्रकार दिसला होता. पायी आणि सायकलवरून पत्रे वाटणारा पोस्टमन सुरक्षित, आणि टेबलाशी बसलेला कारकून धोक्यात. पुढे कितीतरी देशांत कितीतरी अभ्यास झाले, आणि त्यांचा कौल त्याच बाजूला पडला.

आपल्या मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावत होती. त्यातली शेवटची डिझेल गाडी २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी हार घातले, फोटो काढले. त्या गाडीचा जिना दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरच्या पायांना मात्र इतक्या वर्षांत कुणी हार घातला नाही. 'बिचारा' म्हणूनच आपण त्याच्याकडे पाहिले.

शरीराचे गणित फार अवघड नाही. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हे अंगातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक. ते हलले की रक्तातली साखर उचलतात, चरबी खर्ची घालतात, पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. आपण बसलो की ते गिऱ्हाईक दुकान सोडून जाते, आणि माल रक्तातच पडून राहतो. २०१२ साली ऑस्ट्रेलियात एक साधा प्रयोग झाला. वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन माणसांना गोड पेय देऊन पाच तास बसवले. दुसऱ्या खेपेस तेच केले, पण दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवले. एवढ्याशा चालण्याने जेवणोत्तर साखरेची चढण सुमारे एक चतुर्थांशाने उतरली. आणि चालणे अगदी रमतगमत असले तरी गुण येत होता. आपल्या देशात मधुमेहाचे रोगी दहा कोटींच्या वर गेल्याचे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासात २०२३ साली छापून आले. त्या आकड्यापुढे ही दोन मिनिटे ठेवून पाहा.

इथे एक गृहस्थ हमखास पुढे सरसावतात. पांढरे बूट, कानाला पट्टी. "आम्ही रोज पहाटे अर्धा तास फिरतो. मग दिवसभर बसलो तर काय बिघडले?" फिरता हे उत्तमच, फिरत राहा. पण सकाळची फेरी म्हणजे दिवसभराचे पाप धुणारी गंगा नव्हे. दहा लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१६ साली हिशेब मांडला गेला. दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्याचा वाढीव धोका पुसून काढायला रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटांची बऱ्यापैकी वेगाची हालचाल लागते, असे त्यातून निघाले. गृहस्थांनी आपल्या अर्ध्या तासातून कट्ट्यावरच्या गप्पा आणि कोपऱ्यावरचा चहा वजा करावा, आणि उरेल ते सांगावे.

दुसरे एक गृहस्थ मनगटावरच्या यंत्रात दहा हजार पावले मोजतात, आणि नऊ हजारांवर हिरमुसले होतात. हा दहा हजारांचा मंत्र कोणत्याही वैद्यकग्रंथातला नाही. तोक्योच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' असे ठेवले. २०१९ साली वयस्क स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात दिवसाला साधारण साडेचार हजार पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण सत्तावीसशे चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसले, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढेनासा झाला. तेव्हा मोठा आकडा गाठता येत नाही म्हणून लहान आकडाही सोडून देणे हा शुद्ध कांगावा आहे.

मी उभे राहण्याची आरती ओवाळते आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुली आपण पाहतो. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा पाहत नाही. त्यांना बसायला जागा मिळावी म्हणून केरळात २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली कायदा करावा लागला. कारखान्यातल्या कामगारांसाठी तशी तरतूद १९४८ च्या कायद्यातच केलेली होती. शरीराला एका जागी जखडणे वाईट, मग ते खुर्चीवर असो की काउंटरमागे. पण पाहा, आपली प्रतिष्ठा इथेही कशी काम करते! मालक गल्ल्यावर बसलेला, नोकर उभा. साहेब बसलेला, घंटी वाजली की शिपाई धावतो. आता तर किराणाही दहा मिनिटांत दारात येतो. आपण सोफ्यावर बसून पाहतो की पोरगा कोणत्या चौकात आला. आपल्या वाटचे चालणे आपण पैसे देऊन दुसऱ्याच्या पायांवर टाकले आहे. त्याचे पाय झिजतात, आपली साखर वाढते, आणि दोघांचेही नुकसान होते.

घरात तर पैसेही द्यावे लागत नाहीत. "पाणी आण गं," एवढे म्हटले की पेला येतो. ज्याच्या हाकेला जास्त माणसे उठतात तो घरातला मोठा. कुणी म्हणेल, मग बायकांचे बरे आहे, घरकामातच त्यांचा व्यायाम होतो. हे तर मी लग्नसमारंभात, दवाखान्यात, शिक्षकांच्या खोलीत सगळीकडे ऐकले आहे, आणि ते साफ खोटे आहे. २०२२ सालच्या स्थितीविषयीचा एक जागतिक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण बेचाळीस टक्के, आणि बायकांत सत्तावन्न टक्के! ओट्यापुढे तीन तास तिष्ठणे म्हणजे चालणे नव्हे. शिवाय जी बाई संध्याकाळी एकटी फिरायला निघते, तिला चार घरांतून विचारतात, "कुठे निघालात?" पुरुष निघाला तर म्हणतात, "प्रकृतीला जपतो." तिचे उठणे दुसऱ्यांच्या पेल्यापुरते चालते; तिच्या स्वतःच्या हृदयासाठी ती उठली की तो रिकामटेकडेपणा ठरतो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. खेळाचा तास हा कुणाच्याही बापाला, गणितालासुद्धा, उसना देऊ नये. दर दोन तासिकांनंतर वर्गाने पाच मिनिटे उठून हातपाय मोकळे करावेत. कचेरीत साहेबाने स्वतः उठून फाइल न्यावी, म्हणजे खालचेही उठतील. कारण आपल्याकडे रोग वरून खाली येतो तसा शहाणपणाही वरूनच यावा लागतो. नगरपालिकेने पदपथावरच्या गाड्या आणि खड्डे हटवावेत. चालायला जागाच नसेल तर चालण्याचा उपदेश ही थट्टा आहे. आणि बापाने मुलाला 'नीट बस' म्हणण्याआधी एकदा तरी 'जा, खेळून ये' म्हणावे.

राहता राहिला हा अंक. तो बसूनच वाचायचा, हे मलाही ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एक लेख झाला की उठावे. शेजारी चकलीची रिकामी ताटली पडली असेल. ती न्यायला कुणाला हाक मारू नये. आपली आपण उचलून मोरीत नेऊन ठेवावी, विसळावी, आणि येताना पाणी आणावे, आपल्यासाठी आणि घरात दुसऱ्या कुणाला तहान लागली असेल तर तिच्यासाठीही.