मुदत समजते, मग 'ड्यू डेट' का नको?

कॅम्पातील एका व्याख्यानाला आम्ही नुकतेच गेलो होतो. विषय होता वेळेचे नियोजन. वक्ते मराठीत बोलत होते, पण वाक्यागणिक इंग्रजी शब्द येई: डेडलाइन, प्रायॉरिटी, लीड टाइम, ड्यू डेट. शेजारी बसलेले भवानी पेठेतील एक सुतारकाम करणारे चाचा हळूच म्हणाले, "गोष्ट आपल्याच धंद्याची आहे, पण शब्द अडतात."

हे शब्द केवळ सभागृहात अडत नाहीत. हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांची ऑर्डर इंग्रजीत येते. त्यात 'लीड टाइम चार आठवडे' असते, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती पडेपर्यंतचा काळ. खाली उशिराबद्दल 'पेनल्टी'चे कलम असते. आमचा कारागीर न वाचता सही करतो आणि बिलातून रक्कम कापली गेली की नशिबाला दोष देतो.

उलट बाजूही पाहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. उशीर झाल्यास व्याज मागता येते. पण आपल्या बिलावर 'ड्यू डेट' लिहिणारे आपल्यात किती आहेत?

परकी भाषा म्हणून बिचकण्याचे कारण नाही. मुदत, तारीख, वायदा हे शब्द अरबीतून आले, हप्ता फारसीतून. बाजाराने ते वापरले आणि ते मराठी झाले. 'डेडलाइन'चा जन्म तर अमेरिकेतील यादवी युद्धातला. १८६४ च्या सुमारास अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत ही रेषा ओलांडणाऱ्या कैद्याला गोळी घालत. एवढी हकीकत ऐकली की शब्द विसरत नाही.

व्याख्यानातून शब्द शिकण्याचा फायदा हाच, की ते कामासकट कानावर पडतात. आमची सूचना साधी आहे. गल्ल्याजवळ एक वही ठेवा. ऐकलेले पाच शब्द देवनागरीत लिहा, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना अर्थ विचारा आणि त्याच आठवड्यात एक तरी शब्द स्वतःच्या बिलावर किंवा कोटेशनवर वापरा. ईदच्या गर्दीत गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगण्याऐवजी तारीख लिहून द्या.

शब्द कळला तर सही जपून होईल, आणि दिलेला वायदाही पाळला जाईल.