माती, पाणी, जंगल: परभणीच्या पदवीधरांनी पुढचं शिक्षण निवडताना आधी काय तपासावं?

परभणीत कृषी पदवीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आता एमएस्सी करायची, की थेट स्पर्धा परीक्षेला बसायचं? माती, पाणी, जंगल आणि वन्यजीव या क्षेत्रांत जाऊ पाहणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी किचकट होतो. इथे अभ्यासक्रमांची नावं सारखी वाटतात, पण प्रवेशाची पात्रता आणि पुढचं काम वेगळं असतं. निवड चुकली तर दोन वर्षं आणि घरचा पैसा, दोन्ही जातं.

घराजवळ काय आहे?

परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झालं. 2013 मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचं नाव देण्यात आलं. इथे या क्षेत्राशी संबंधित दोन मुख्य वाटा आहेत.

मृदाशास्त्रातली एमएस्सी (कृषी) ही पहिली. यात जमिनीची सुपीकता, क्षार, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यांचा अभ्यास होतो. मृद व जलसंधारण अभियांत्रिकीतलं एमटेक ही दुसरी. पाणलोट, बांधबंदिस्ती, शेततळी आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचं गणित हे तिचं काम. पहिलीसाठी कृषी शाखेची पदवी लागते, दुसरीसाठी कृषी अभियांत्रिकीची. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे प्रवेश एकत्रित प्रक्रियेतून होतात.

हे विषय परभणीला दूरचे नाहीत. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या, येलदरी आणि निम्न दुधनासारखी धरणं असूनही जिल्ह्यातली बरीच शेती पावसाच्या भरवशावर आहे. काळी जमीन ओलावा धरून ठेवते, पण मुसळधार पाऊस झाला की पाणी मुरण्याआधीच मातीसह वाहून जातं. जागतिक बँकेच्या मदतीने 2018 मध्ये सुरू झालेल्या 'पोकरा' प्रकल्पात परभणीचा समावेश झाला, तो याच अडचणीमुळे.

बाहेर कधी जावं?

परभणी जिल्ह्यात जंगल फारच कमी. त्यामुळे वनशास्त्र शिकायचं असेल तर दापोली किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पर्याय आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वनशास्त्राच्या एमएस्सीसाठी कृषी पदवीधरही अर्ज करू शकतात. वन्यजीवांवर संशोधन करायचं असेल तर तिथलीच, 1982 मध्ये स्थापन झालेली भारतीय वन्यजीव संस्था आहे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत भर व्यवस्थापनावर असतो आणि कोणत्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात.

कृषी अभियंत्यांसाठी 'गेट'मध्ये कृषी अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. तिच्या जोरावर आयआयटी खरगपूरमध्ये जमीन आणि जलसंपत्ती अभियांत्रिकीचं एमटेक करता येतं.

नोकरी कोणती पदवी पाहते?

खरी मेख इथे आहे. भारतीय वन सेवेसाठी पदव्युत्तर पदवी लागतच नाही. पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, भूशास्त्र, संख्याशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक विषय असावा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी असावी. या यादीत 'पर्यावरणशास्त्र' नाही. म्हणजे परभणीचा कृषी पदवीधर या परीक्षेला आजही पात्र आहे. पण पदवीला फक्त पर्यावरणशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याच विषयातल्या एमएस्सीने हे दार उघडून मिळत नाही.

दुसरं उदाहरण राज्याचं. मृद व जलसंधारण विभागाने 670 जलसंधारण अधिकाऱ्यांची भरती काढली, तेव्हा पात्रता मागितली ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेची किंवा समकक्ष अर्हतेची. पदाच्या नावात 'जलसंधारण' आहे म्हणून त्या नावाची पदवी चालेलच, असं गृहीत धरता येत नाही.

कृषी संशोधनात मात्र उलट आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेत शास्त्रज्ञ व्हायचं तर नुसती पदवी पुरत नाही, पुढचं शिक्षण हवंच आणि तेही नेमक्या त्याच विषयातलं. तिथे मृदाशास्त्र वेगळं आणि जमीन व जल व्यवस्थापन अभियांत्रिकी वेगळी.

मग ठरवायचं कसं?

क्रम उलटा करणं सोयीचं. आधी हवं असलेलं पद ठरवायचं, त्याची जुनी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना वाचायचा आणि मग अभ्यासक्रम शोधायचा. पद फक्त पदवीवर मिळत असेल, तर एमएस्सी करताना तो वेळ परीक्षेच्या तयारीतून जातो हे लक्षात ठेवावं. संशोधन करायचं असेल, तर संस्थेच्या नावाइतकंच विभागात सध्या कोणत्या विषयावर काम सुरू आहे हे महत्त्वाचं. कोरडवाहू शेतीतल्या पाण्याचा प्रश्न अभ्यासायचा असेल, तर त्यासाठी परभणी सोडून जाण्याची गरज नाही. वाघ किंवा जंगल अभ्यासायचं असेल, तर मात्र बॅग भरावीच लागेल.