खेळाचा तास आणि स्मरणशक्ती

परीक्षा जवळ आली, की अनेक शाळांच्या वेळापत्रकात पहिली कुऱ्हाड कोसळते ती खेळाच्या तासावर. मैदान ओस पडते आणि त्या वेळात गणिताचे जादा पाठ सुरू होतात. घरीही तोच न्याय लावला जातो. ‘खेळणे पुरे, आता पाठांतर कर,’ असे वडीलधारी माणसे बजावतात. मूल तासन् तास एका जागी बसते; कंटाळा आला, की हाती मोबाईल येतो आणि शेजारी वेफर्सची पुडी असते. यामुळे अभ्यास अधिक होतो, अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत एकदा पारखून पाहिली पाहिजे.

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खर्च करतो. ही ऊर्जा आणि प्राणवायू त्याला रक्तावाटे मिळतात. म्हणून रक्तवाहिन्यांचे आरोग्य बिघडले, की त्याची झळ मेंदूलाही लागते. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंस, ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा एक लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा असल्यामुळे त्याला हे ग्रीक नाव पडले. आज वाचलेला धडा उद्या आठवतो, तो मुख्यतः या भागाच्या कृपेने.

शरीरात प्रमाणाबाहेर साठलेली चरबी हे केवळ एक ओझे नव्हे. तिच्यातून अनेक रासायनिक द्रव्ये रक्तात मिसळतात आणि राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे शरीरात मंद दाह धुमसत राहतो. इन्सुलिन या द्रव्याचे कार्य मंदावते, रक्तदाब वाढू लागतो आणि मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर ताण येतो. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु आटोक्यात ठेवता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. मध्यम वयातील स्थूलता आणि व्यायामाचा अभाव ही दोन्ही कारणे त्या यादीत आहेत.

मात्र यावरून स्थूल मुलगा मंदबुद्धी असतो, असा अर्थ कोणी काढील, तर तो अन्याय होईल. वर्गात एखाद्याला ‘जाड्या’ म्हणून चिडविणारी मुले त्याला मैदानापासून आणखी दूर लोटतात. चरकसंहितेत अतिस्थूलतेची कारणे सांगताना अतिआहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्याबरोबर जन्मजात प्रकृतीचाही उल्लेख केला आहे. त्याच ग्रंथात अतिकृश शरीरही दोषयुक्तच मानले आहे. तेव्हा कोणाच्या देहाची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाच नाही. खेळात सर्वांना सामावून घेणे, हीच खरी मैत्री होय.

व्यायामाचा मेंदूवर काय परिणाम होतो, याचे उदाहरण उद्बोधक आहे. २०११ साली अमेरिकेतील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १२० वयस्क स्त्री-पुरुषांचे दोन गट केले होते. एका गटाने वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, सुमारे ४० मिनिटे भरभर चालण्याचा व्यायाम केला. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गटात तो थोडा घटला. शिवाय चालणाऱ्यांपैकी ज्यांच्यात ही वाढ अधिक झाली, त्यांच्या स्मरणशक्तीतही सुधारणा दिसली. उतारवयात साध्या चालण्याने एवढे साधते, तर वाढत्या वयात धावण्याचे मोल किती असेल!

कोणी म्हणेल, ‘दिवसाचे तास मोजकेच; खेळात वेळ गेला, तर अभ्यास केव्हा करायचा?’ शंका रास्त आहे. पण शेतकरी विळ्याला धार लावतो, तेव्हा कापणीचा वेळ वाया गेला, असे कोणी म्हणत नाही. कारण बोथट विळ्याने दिवसभर राबूनही पेंढ्या थोड्याच बांधल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटांची अंगमेहनत सांगितली आहे. खो-खो, लंगडी, लगोरी किंवा हुतूतू यांपैकी कोणत्याही खेळाने ती सहज भागते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत; लागते ते मोकळे मैदान आणि चार सवंगडी. याच्या जोडीला भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक असा साधा आहार आणि रात्रीची पुरेशी झोप असावी.

अभ्यास आणि खेळ ही परस्परांची वैरी नव्हेत, भावंडे आहेत. म्हणून परीक्षेच्या दिवसांतही शाळेने खेळाचा तास राखावा, पालकांनी त्याला आडकाठी करू नये आणि मुलांनी तो आळसात दवडू नये. मैदानावर गाळलेला घाम उत्तरपत्रिकेवरही आपली खूण ठेवून जातो.