जुन्या साहित्यावर दगडांना झळाळी



मुले नदीकाठी किंवा रानात गेली की खिसे भरून गारगोट्या आणतात. आपले दख्खनचे पठार लाव्हारसापासून झालेले आहे. त्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी तयार होते आणि खडक झिजला की ती ओढ्यात, शेतात मोकळी पडते. अशा दगडांना यंत्रात घोळवून चकाकी आणण्याचा छंद चांगला आहे. पण नवे यंत्र महाग पडते. मग जुन्या बाजारातून वापरलेले यंत्र आणि उरलेल्या भुकटीच्या पुड्या घरी येतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र कष्टाचा पैसा वाया जाऊ नये म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

प्रथम मोटार पाहा. यंत्र परदेशातून आलेले असेल तर त्यावर ११० व्होल्ट लिहिलेले असू शकते. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची. तसेच जोडले तर मोटार जळेल. वायर तडकलेली असेल तर वायरमनकडून बदलून घ्या. पट्टा सैल असेल तर नवा घाला. रबरी पिंपात पाणी भरून, झाकण लावून ते रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर पिंप गळके आहे असे समजा.

आता भुकटी. सिलिकॉन कार्बाइडची भुकटी जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. गोळे झाले असतील तर फोडून घ्या. खरा धोका भेसळीचा आहे. ६०-९० नंबरची जाड भुकटी पहिल्या फेरीला, १२०-२२० दुसऱ्या, ५०० नंबरची तिसऱ्या फेरीला आणि शेवटी पॉलिशची पावडर, असा क्रम असतो. बारीक भुकटीत जाड कण मिसळले तर महिनाभराच्या मेहनतीवर ओरखडे उठतात. म्हणून नाव-नंबर नसलेली उघडी पुडी पहिल्या फेरीलाच वापरावी. पॉलिशची पावडर मात्र बंद पाकिटातलीच घ्यावी. जुन्या पिंपाच्या रबरात कण रुतलेले असतात. ब्रशने घासून, साबणाच्या पाण्यावर काही तास फिरवून ते स्वच्छ करावे. प्रत्येक फेरीनंतर दगड, पिंप, झाकण, सारे धुवावे.

दगड सारख्याच कठीणपणाचे निवडा. गारगोटी व अकीक कठीण असतात. त्यांच्यासोबत पोकळीतले मऊ स्फटिक टाकले तर मऊ ते झिजून जातात. पिंप दोन-तृतीयांश ते पाऊण भरावे, पाणी वरच्या दगडांच्या थोडे खाली ठेवावे. एकेक फेरी साधारण आठवडाभर चालते. घाई करू नये. आत वायू साचतो, म्हणून झाकण रोज एकदा उघडून पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गुजरातमधील खंभातला अकीकाचे दगड घासणाऱ्या कामगारांना धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होत आला आहे, आणि तो बरा होत नाही. घरचे यंत्र पाण्यात चालते म्हणून धूळ उडत नाही. पण सुकलेला गाळ झाडूने काढला की ती उडते. गाळ ओला असतानाच पुसून काढा. तो मोरीत ओतू नका, नळीत घट्ट बसतो. बादलीत निवळू द्या. पाणी काढून टाका आणि गाळ ओलसर असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. भुकटी पिंपात घालताना लहान मुलांना दूर ठेवा आणि फुंकर मारू नका. धुळीसाठीचा मास्क मिळाला तर वापरा. साधा रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

एवढे सांभाळले की महिनाभराने मुलांच्या तळहातावर ओढ्यातलाच दगड आरशासारखा चमकेल. तो पाहताना मुलांना धीर आणि स्वच्छतेचे मोल आपोआप कळेल.